मार्थाबाईंचा एकच प्रश्न

मार्थाबाईंना आमच्या मंडळीतली निम्मी माणसं घाबरत, आणि उरलेली निम्मी त्या रस्त्यात दिसल्या की काहीतरी विसरल्यासारखं करून मागे वळत. रत्नागिरीतली आमची ख्रिस्ती मंडळी आहेच केवढीशी. रविवारी पुढची चार बाकं भरली तरी पाळकसाहेबांचा चेहरा उजळतो. एवढ्याशा गर्दीत कुणाला टाळायचं म्हटलं तर कसब लागतं, आणि ते लोकांनी कमावलं होतं. मला तीही सोय नव्हती. नाचणे भागात त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये चिऱ्याचा एक कमरेएवढा गडगा होता, आणि त्या गडग्यावरून हाक मारायला बाईंना वेळकाळ लागत नसे.

त्या मूळच्या नगरकडच्या. तरुणपणी नर्स म्हणून इथल्या सरकारी रुग्णालयात आल्या, प्रसूतीच्या वॉर्डात उभी हयात काढली, आणि निवृत्तीनंतर आपल्या गावी परत जातील असं सगळ्यांना वाटत असताना इथेच दोन खोल्या बांधून बसल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर "वेळ झाला नाही" एवढंच म्हणायच्या, आणि तेही अशा सुरात की आपणच बाईंचा वेळ खातोय असं विचारणाऱ्याला वाटावं. बांगडा आणि सोलकढी त्यांनी आपलीशी केली. बोलणं मात्र शेवटपर्यंत घाटावरचं राहिलं, ठणठणीत आणि सरळ. उंची बेताची, पांढरं सुती लुगडं, आणि नोकरी संपून एवढी वर्षं झाली तरी नर्सेसचं ते उलटं टांगलेलं घड्याळ छातीवर लावलेलं.

उपासनेनंतर तरुण मुलामुलींचा वर्ग त्या घ्यायच्या. हा वर्ग खरं तर पाळकसाहेबांचा. पण वासना, शरीर, पावित्र्य हे शब्द आले की पाळकसाहेबांना खोकला यायचा. चांगला माणूस, पण त्या विषयावर आला की शास्त्रातून एकदम फळझाडांवर उडी मारायचा. शेवटी त्यांनी तो विषय बाईंच्या गळ्यात घातला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

बाई औषध कसं घ्यायचं ते सांगावं तशा बोलायच्या. मुलं खिदळली तर थांबायच्या आणि हसू आटोपलं की जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू. त्यांचं सांगणं मला अजून पाठ आहे. भूक देवानं दिलेली आहे, हावरटपणा आपला आहे. एखादी मुलगी आवडली, छातीत धडधडलं, तर घाबरू नका, त्यात पाप नाही. पण तिचं नाव, गाव, आईबाप, तिचं हसणं-रडणं सगळं पुसून टाकलंत आणि मनातल्या मनात नुसतं अंग वापरायला घेतलंत, तर पाप तिथंच सुरू झालं, मग तुमचा हात तिला लागो न लागो. आणि हे मुलींनाही लागू आहे, उगीच माना खाली घालून बसू नका.

एकदा एका मुलानं धीर करून विचारलं, की नुसतं मोबाईलवर बघितलं तर कुणाचं काय बिघडतं? हात तर कुणाला लावलेला नाही.

"ताप आपण काखेत मोजतो," बाई म्हणाल्या, "पण ताप काखेत नसतो."

तो मुलगा आता आखातात नोकरीला आहे. नाताळात त्याचा फोन येतो. एवढ्या लांब आलो तरी बाईंचं ते वाक्य पाठ सोडत नाही, अशी तक्रार करतो.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे जिवाला घोर. एकदा आम्ही दोघी एस्टीने देवरूखला निघालो होतो. गाडीत कॉलेजची एक मुलगी दांडा धरून उभी होती आणि समोरच्या सीटवरचा एक इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ तिच्याकडे असा बघत होता की पोरीनं दप्तर पोटाशी धरून पाठ फिरवली. बाकी सगळे आपापल्या तिकिटात डोकं घालून. बाई उठल्या, गाडीच्या हेलकाव्यात त्याच्यापर्यंत गेल्या आणि कुठे उतरणार म्हणून विचारलं. तो म्हणाला, देवरूख. मग देवरूख येईपर्यंत खिडकीबाहेर बघा, इकडचे डोंगर चांगले आहेत, असं बाईंनी सुचवलं.

"मी काय केला हो? नुसता बघत होतो," तो गुरकावला.

"तेच थांबवा म्हणते."

गृहस्थानं देवरूखपर्यंत डोंगर बघितले. मला वाटतं कंडक्टरनेही बघितले.

आता जाळीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे. जाळी म्हणजे लग्नात नवरीच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती पांढरी झिरझिरीत ओढणी. आमच्या मंडळीत ती एकच आहे, सगळ्यांची मिळून. फार पूर्वी कुणी परदेशी बाई मायदेशी जाताना देऊन गेली म्हणतात. तेव्हा घरोघरी गरिबी होती, म्हणून प्रत्येक नवरी तीच जाळी लावायची. पुढे पैसे आले, पुण्या-मुंबईत हव्या तशा जाळ्या मिळायला लागल्या, तरी आमच्या मुलींना तीच लागायची. आईनं लावलेली, आजीनं लावलेली. तिच्याशिवाय लग्न म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, असा अर्थ आपसूक होऊन बसला.

ती सांभाळणं बाईंकडे होतं. आमच्या हवेत पांढऱ्या कपड्यावर बुरशीचे काळे ठिपके यायला आठवडा पुरतो. पण बाई ती रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, पडवीत सावलीत वाळवायच्या, आणि कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. ती एवढी लांब, की घडी घालायला दुसरं माणूस लागे. दुसरं टोक धरायला मी. एवढ्याच अधिकारावर ही हकिकत मी सांगते आहे.

जाळी मागायला नवरीनं स्वतः यायचं, एकटीनं, असा बाईंचा दंडक होता. चहा व्हायचा, नानकटाई व्हायची, घरच्यांची चौकशी व्हायची. मग बाई दार लोटून घ्यायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या: "स्वतःला राखून ठेवलंस का गं?" होय म्हटलं की पेटी उघडायची. कितीजणी खरं बोलल्या ते देवाला ठाऊक. बाई म्हणायच्या, खोटं बोलली तर तो तिचा आणि देवाचा व्यवहार, मी विचारायचं काम केलं.

नाही असं उत्तर पहिल्यांदा दिलं ते सुनंदानं, पुष्कळ वर्षांपूर्वी.

सुनंदा आमच्याच मंडळीतली, गाणारी मुलगी. मंडळीतल्याच मनोहरबरोबर तिचं जमलं होतं. लग्नाच्या आणाभाका झाल्या होत्या आणि त्या भरवशावर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे मनोहरच्या घरच्यांनी नाक मुरडलं आणि तो गुपचूप बाजूला झाला. वर्षभराने सुनंदाचं अलोऱ्याच्या एका मुलाशी ठरलं. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत राहणारा, फिटर. ती जाळी मागायला आली, बाईंनी विचारलं, आणि पोरीनं खरं सांगितलं. पेटी उघडली नाही. लग्न झालं ते आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारचं, रंगीत साडीत, घंटा न वाजवता. माहेरची माणसं चोरासारखी उभी होती. सुनंदा अलोऱ्याला गेली ती पुन्हा आमच्या ख्रिस्तमंदिरात आली नाही.

मनोहरचं लग्न त्यानंतर झालं. घंटा वाजली. तो सूट घालून वेदीसमोर उभा राहिला आणि त्याच्या नवरीच्या डोक्यावर जाळी बाईंनी स्वतःच्या हातांनी पिनांनी बसवली. कुणालाच त्यात काही खटकलं नाही, मलाही नाही आणि बाईंनाही नाही. आता तो मनोहरराव आहे, मंडळीच्या कमिटीचा चिटणीस.

हे असंच चालू राहिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी रिबेका आली.

रिबेका पुण्यात कंपनीत नोकरी करणारी, बोलायला मोकळी. तिचं सुहासशी ठरलं होतं आणि तोही आमच्याच मंडळीतला, पुण्यातच नोकरीला. मी स्वयंपाकघरात चहाची भांडी विसळत होते, मधलं दार पातळ फळ्यांचं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. रिबेका म्हणाली, नाही. मी आणि सुहास गेले काही महिने एकाच घरात राहतो. तुम्हाला खोटं सांगून जाळी घ्यायची नव्हती.

बाई म्हणाल्या, मग मला ती देता येणार नाही. आवाजात राग नव्हता. त्या रिबेकाला कडेवर घेऊन फिरल्या होत्या. मला आत उभ्या उभ्या रडू यायला लागलं.

रिबेका उठल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं, बाई. चुकलंच आमचं. पण सुहासला कोण विचारणार?"

मुलगी निघून गेली तरी बाई खुर्चीत तशाच बसून होत्या. मी दिवा लावला तेव्हा म्हणाल्या, "वॉर्डात लागण झालेली बाई आली की आम्ही नवऱ्यालाही बोलावून तपासायचो. नुसतं तिलाच औषध देऊन उपयोग नसतो, हे मी नव्या पोरींना शिकवायचे. आणि इथं मला सुचलं नाही." थोड्या वेळानं त्यांनी सुनंदाचं नाव घेतलं. एकदाच.

पुढच्या रविवारी सुहास गावी आला होता, त्याला बोलावणं गेलं. तो आला केसबिस चापून, बहुधा आहेराचं काही असेल अशा समजुतीनं. बाईंनी चहा दिला, नानकटाई दिली, घरच्यांची चौकशी केली आणि दार लोटलं. या वेळी मी स्वयंपाकघरात मुद्दाम गेले होते, ते कशाला लपवू?

"स्वतःला राखून ठेवलंस का रे?"

तो हसला. मग म्हणाला, "बाई, मुलग्यांना हे कोण विचारतं?"

"मी. आजपासून."

मग बराच वेळ तो बोलत होता. रिबेका काही पहिली नव्हती, हेही त्यात निघालं, आणि हे रिबेकाला ठाऊक नव्हतं. बाईंनी त्याला झापलं नाही. लग्नाआधी तिला सगळं सांग म्हणाल्या, लपवून उभा राहिलास तर वेदीसमोर तू एकटाच उभा राहशील. लग्न होईपर्यंत बिऱ्हाड वेगळं कर. दोघं मिळून या आणि माझ्यासमोर नव्हे, देवासमोर गुडघे टेका. मग जाळीचं बघू.

रिबेकानं ते ऐकून चार दिवस सुहासचा फोन घेतला नाही. लग्न मोडतंय की काय अशी तिच्या आईची अवस्था. बाईंना मी म्हटलं, तुम्ही आगीत तेल ओतलंत. त्या म्हणाल्या, आग होतीच, मी फक्त खिडकी उघडली. पाचव्या दिवशी सुहास सामान उचलून मित्राकडे राहायला गेला आणि पुढच्या शनिवारी दोघं बाईंच्या दारात एकत्र उभी राहिली. डोळे दोघांचे सुजलेले. बाईंनी पेटी उघडली.

ही बातमी मारुती मंदिराच्या नाक्यापासून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत आमच्या सगळ्या घरांत पोहोचायला एक दुपार पुरली. कमिटीची बैठक बसली. मनोहररावांचं म्हणणं, जाळी पावित्र्याची खूण आहे, उद्या हीच उदाहरणं देऊन तरुण मुली बिघडतील, नियम म्हणजे नियम. बोलले ते छान. मी उपासनेत बाजाची पेटी वाजवते, म्हणून मला बैठकीत बसायची मुभा आहे, बोलायची नाही, म्हणून मी ओठ आवळून बसले.

बाई उठल्या. गुडघे दुखत होते, बाकाची पाठ धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तो नियम कमिटीचा नाही, माझा आहे, आणि तो मी अर्धाच केला होता. पाप पाप नाही असं मी म्हणत नाही, कधी म्हणणार नाही. पण प्रभूनं बघणाऱ्याच्या डोळ्याबद्दल सांगितलं, बघणाऱ्याच्या मनाबद्दल सांगितलं. मी मात्र आयुष्यभर मुलींची झडती घेतली.

"शरीर देवाचं मंदिर आहे म्हणता ना सगळे?" बाई म्हणाल्या. "मग झाडलोट काय फक्त बायकांनी करायची?"

बाईंनी पुढे सांगितलं, की यापुढे जाळी हवी असेल तर नवरीही येईल आणि नवराही येईल. आणि ज्यांना त्यांच्या वेळी कुणी विचारलंच नाही, अशांपैकी कुणाला अजून उत्तर द्यावंसं वाटलं तर माझं दार उघडं आहे. हे बोलताना त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. मनोहरराव वर पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

कुणीतरी मागून म्हणालं, असं मनात शिरून मोजायला लागलो तर शुद्ध कुणी उरणारच नाही.

"नाहीच उरणार," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तर प्रभूला यावं लागलं."

रिबेकाचं लग्न रविवारी झालं, घंटा वाजवून. मी पेटीवर होते आणि सूर दोनदा चुकले, कारण समोरचं नीट दिसत नव्हतं. मनोहरराव आले नाहीत. त्यांची बायको आली, शेवटपर्यंत बसली आणि जाताना बाईंचा हात हातात घेऊन उभी राहिली. ती बाईंना काय म्हणाली, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. हृदयाचं दुखणं निघालं, अंथरूण धरलं आणि उन्हाळ्यात गेल्या. पण त्यांची शेवटची आठवण म्हणून मला ते अंथरूण ठेवायचं नाही. मला अलोरं ठेवायचं आहे.

रिबेकाच्या लग्नानंतरच्याच आठवड्यात त्यांनी गडग्यावरून हाक मारली आणि उद्या अलोऱ्याला जायचं म्हणाल्या. दुखऱ्या गुडघ्यांसाठी मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाल्या, डॉक्टरला बरोबर यायचं असेल तर येऊ दे. चिपळूणला गाडी बदलली. सबंध वाट त्यांनी जाळीची पिशवी मांडीवर धरून ठेवली.

सुनंदा आता पिकल्या केसांची. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. तिनं दार उघडलं, आम्हाला ओळखलं आणि बाजूला झाली. पाणी दिलं. बसा म्हणाली, पण बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "मी तुला विचारलं, त्याला विचारलं नाही. तू खरं बोललीस आणि मी तुला शिक्षा दिली. चुकलं माझं, सुनंदा. क्षमा कर." आणि पिशवी पुढे केली.

सुनंदानं पिशवीकडे पाहिलं. हात लावला नाही. "घंटापण वाजवली नाय हो बाई," ती म्हणाली. "माझी आई मरेपर्यंत तेच बोलत होती." मग तिनं खुर्ची ओढून बाईंना बळेच बसवलं. जाळीचं मी आता काय करू, म्हणाली. माझ्या घरवाल्याला मी लग्नाच्या आधीच सगळं सांगितलं होतं, त्यानं जन्मात कधी पुन्हा विषय काढला नाही. माझं त्यात सगळं आलं.

आत कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. सुनंदानं तिकडे मान वळवली.

"निखिलचं लगीन ठरलंय, चिपळूणच्या मुलीशी," ती म्हणाली. "जाळी नको, बाई. माझ्या पोराला विचारा. त्या मुलीला कुणी विचारायच्या आधी."

बाईंनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. "बोलाव त्याला," म्हणाल्या.

निखिल आला, उंचापुरा, ओले हात पॅन्टला पुसत. बाईंनी समोरची खुर्ची दाखवली आणि आम्हा दोघींना बाहेर बसायला सांगितलं. दार सुनंदानंच ओढून घेतलं. मिटता मिटता मला बाई दिसल्या, थकलेल्या, घामेजलेल्या, पण पाठ ताठ, खुर्ची मुलाच्या जवळ सरकवत असलेल्या. आम्ही पायरीवर बसलो. आतून बाईंचा तो एक प्रश्न ऐकू आला. सुनंदा माझा हात घट्ट धरून बसली होती. मग हळूहळू तो मुलगा बोलायला लागला, आणि सुनंदा पदर तोंडाला लावून रडायला लागली.